सीलबंद पाकिटातून आलेल्या जुन्या डिस्क : नॅस घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव

घरातील चित्रफिती, छायाचित्रे, गाणी आणि वर्षानुवर्षे विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्या एका ठिकाणी आणाव्यात, म्हणून मी दोन कप्प्यांचे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून फाइली एकत्र ठेवण्याचे यंत्र, घेतले आणि त्यात बसवण्यासाठी आठ टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क नव्या म्हणून विकत घेतल्या. त्या नव्या नव्हत्या. माझ्या हाती येण्यापूर्वी त्या कुठल्यातरी सर्व्हरमध्ये साडेतीन वर्षे रात्रंदिवस फिरत होत्या, आणि त्यांच्यातील तासांची नोंद पुसून त्या मला विकण्यात आल्या. हे माझ्या लक्षात येईपर्यंत आठ महिने उलटले होते, एक डिस्क पूर्ण बंद पडली होती आणि दुसरी त्याच वाटेवर होती. माझ्यासारखी चूक आणखी कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या संग्रहात काय होते ते सांगितल्याशिवाय नुकसानीची कल्पना येणार नाही. चित्रपट आणि गाणी मोठ्या संख्येने होती. पण त्यांच्या मूळ तबकड्या कपाटात आहेत, त्या पुन्हा उतरवता येतात. खरे मोल होते ते घरच्या चित्रीकरणाचे. काही व्हीएचएस कॅसेट होत्या आणि बाकीच्या मिनीडीव्ही. मिनीडीव्ही कॅसेट एक तासाची असेल तर ती संगणकावर उतरवायला पूर्ण एक तासच लागतो, त्यात घाई करता येत नाही, आणि त्या एका तासाची फाइल सुमारे १३ गीगाबाइटची होते. एकूण ६१ तासांचे चित्रीकरण मी रोज संध्याकाळी एक-एक कॅसेट लावून उतरवले. व्हीएचएसच्या काही फितींना बुरशी लागली होती. त्या कशाबशा एकदा चालल्या, आणि काम झाल्यावर मी त्या टाकून दिल्या. फाइल दोन डिस्कवर आहे, मग कुजलेली फीत कशाला ठेवायची, असा माझा विचार होता. वडिलांचा आवाज असलेली एकमेव कॅसेट त्यांतच होती.

डिस्क निवडताना मी निष्काळजीपणा केला असे मला आजही वाटत नाही. विक्रेता परिचित ऑनलाइन बाजारपेठेवरचा होता, त्याच्याबद्दलचे अभिप्राय चांगले होते, वर्णनात ‘नवीन, सीलबंद, पाच वर्षांची वॉरंटी’ असे स्पष्ट लिहिले होते आणि किंमत इतरांपेक्षा थोडीच कमी होती. किंमत निम्मी असती तर मला संशय आला असता. फसवणारे लोक आता तेवढी मोठी सूट देत नाहीत, कारण ग्राहक सावध होईल हे त्यांनाही कळते. डिस्क आल्यावर मी ‘स्मार्ट’ नोंदीही पाहिल्या. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद आपल्या आत ठेवत असते: ती किती तास चालू होती, किती वेळा सुरू-बंद झाली, किती सेक्टर, म्हणजे माहिती ठेवण्याचे छोटे कप्पे, खराब होऊन बदलावे लागले, किती सेक्टर संशयास्पद अवस्थेत आहेत. माझ्या दोन्ही डिस्कवर चालू तास शून्य होते, खराब सेक्टर शून्य होते. मी समाधानाने नॅसमध्ये त्या आरशासारख्या जोडून दिल्या, म्हणजे एका डिस्कवर लिहिलेले तसेच्या तसे दुसरीवरही लिहिले जाईल, आणि कामाला लागलो.

खुणा मात्र होत्या. नंतर त्याच डिस्क टेबलावर ठेवून नीट पाहिल्या तेव्हा त्या ठळक दिसल्या. बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवती धातूवर गोल घासल्याच्या खुणा आहेत. डिस्क एखाद्या कप्प्यात स्क्रूने आवळल्याशिवाय तशा खुणा उमटत नाहीत. जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक उभे ओरखडे आहेत, म्हणजे तिथे पूर्वी प्लग घातला आणि काढला गेला होता. लेबल स्वच्छ आणि नवे आहे, पण एका कोपऱ्यात त्याच्या खालून जुन्या गोंदाची पुसट कडा दिसते. चंदेरी पाकीट व्यवस्थित सीलबंद होते. पण असे पाकीट आणि ते बंद करण्याचे साधे यंत्र कुणालाही मिळते, हे तेव्हा माझ्या मनात आले नाही. मी सील पाहिले आणि आतल्या वस्तूवर विश्वास ठेवला.

आठव्या महिन्यात एका रात्री नॅस एकसारखे बीप करू लागले. पहिल्या डिस्कवरील संशयास्पद सेक्टरांची संख्या काही तासांत शेकड्यांत गेली आणि सकाळपर्यंत ती डिस्क यंत्रणेतून बाहेर फेकली गेली. मला फारशी काळजी वाटली नाही. आरसा-रचना नेमकी यासाठीच असते. मी दुसऱ्या ठिकाणाहून नवी डिस्क आणली, रिकाम्या कप्प्यात बसवली आणि पुनर्बांधणी, म्हणजे शिल्लक डिस्कवरचे सगळे नव्या डिस्कवर उतरवणे, सुरू केली. या प्रक्रियेत शिल्लक राहिलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सलग वाचली जाते. आठ टेराबाइटसाठी ते पंधरा तासांच्या आसपासचे काम असते. एरवी डिस्कचे काही भाग महिनोन्महिने वाचले जात नाहीत, त्यामुळे तिथे झालेला बिघाड लपून राहतो आणि तो अशा वेळीच उघडा पडतो. ६४ टक्क्यांवर दुसऱ्या डिस्कनेही वाचण्यात चुका द्यायला सुरुवात केली, वेग रखडत गेला आणि पुनर्बांधणी थांबली.

या फसवणुकीतील मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब इथेच आहे. दोन डिस्क एकाच वेळी बंद पडणार नाहीत, या गृहीतकावर आरसा-रचनेचा सगळा भरवसा उभा असतो. माझ्या दोन्ही डिस्क एकाच तुकडीतल्या होत्या, बहुधा एकाच रॅकमध्ये शेजारी-शेजारी चालल्या होत्या, सारखीच उष्णता आणि सारखाच भार सोसून आल्या होत्या. त्या एकत्र म्हाताऱ्या झाल्या होत्या. जुनी डिस्क वाईटच असते असे मी म्हणणार नाही; जुनी म्हणून सांगून, जुन्याच्या भावात विकलेली डिस्क मी स्वतः दुय्यम कामासाठी घेतली असती. पण मग एकाच वयाच्या दोन डिस्क मी एका जोडीत कधीच लावल्या नसत्या आणि त्यांच्या भरवशावर फिती टाकल्या नसत्या. हा निर्णय घेण्यासाठी लागणारी माहितीच विक्रेत्याने माझ्यापासून लपवली.

डिस्क जुन्या असल्याचे कसे कळले, ते आता सांगतो. काही डिस्कमध्ये ‘स्मार्ट’च्या जोडीला ‘फार्म’ नावाची आणखी एक सविस्तर नोंदवही असते. ती सगळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये नसते. माझ्या डिस्कमध्ये होती. स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रणालीच्या ७.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, ती नोंदवही साध्या आज्ञेने वाचता येते. दुसरी डिस्क संगणकाला जोडून मी दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी काढल्या. ‘स्मार्ट’मध्ये चालू तास ५,८४६ होते, आणि ते माझ्या आठ महिन्यांशी अगदी जुळत होते. ‘फार्म’मध्ये तास ३७,११२ होते. वजाबाकी केली तर ३१,२६६ तास उरतात. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ही साडेतीन वर्षांहून अधिक काळाची अखंड नोकरी झाली. पडद्यावरचे ते दोन आकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. कुणीतरी पहिली नोंद शून्य केली होती आणि दुसरी करायची राहून गेली होती.

मग शोध घेतल्यावर लक्षात आले की हा प्रकार माझ्या एकट्याच्या बाबतीत घडलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतून अशा अनेक तक्रारी उघडकीस आल्या. नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर ‘फार्म’मध्ये पंधरा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत तास निघाले. चिया या कूटचलनासाठी प्रचंड संख्येने हार्ड डिस्क वापरल्या गेल्या होत्या, आणि तो धंदा परवडेनासा झाल्यावर त्यांपैकी बऱ्याच डिस्क बाजारात परत आल्या असाव्यात, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियात क्वालालंपूरजवळच्या एका ठिकाणावर छापा पडला आणि तिथे सुमारे सातशे डिस्क सापडल्या. डिस्क स्वच्छ करणे, नोंदी पुसणे, नवी लेबले लावणे आणि पुन्हा पाकिटात भरणे असे काम तिथे पद्धतशीरपणे चालत असे. या सगळ्यात घरी संग्रह ठेवणाऱ्यांवरच नजर का असते, हेही उघड आहे. आम्हाला मोठ्या क्षमतेच्या डिस्क लागतात, आम्ही त्या एक-दोन नगांनीच घेतो, आमच्याकडे तपासणीची व्यवस्था नसते, आणि चित्रपट पाहण्यासारख्या कामात डिस्कवर ताण इतका कमी पडतो की दोष महिनोन्महिने वर येत नाही. तोवर परत करण्याची मुदत संपलेली असते.

विक्रेत्याने पहिल्या पत्राला ‘सील शाबूत होते, वस्तू नवीनच होती’ असे उत्तर दिले. दुसऱ्या पत्रासोबत मी दोन्ही नोंदींची चित्रे पाठवली, तेव्हा परतीची मुदत संपल्याचे कळवले. तिसऱ्या पत्राला उत्तरच आले नाही, आणि महिन्याभरात ते दुकान त्या बाजारपेठेवरून नाहीसे झाले. बाजारपेठेने आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगून हात झटकले. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला, तर या डिस्क एका मोठ्या ग्राहकाला घाऊक दिल्या होत्या, त्यामुळे किरकोळ खरेदीदाराला वॉरंटी लागू नाही, असे उत्तर मिळाले. हे शोधायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. डिस्क घरी आली त्याच दिवशी ती दोन मिनिटे मी दिली असती तर पुढचे काहीच घडले नसते, आणि म्हणून मी सर्वांना आग्रहाने सांगतो की पाकीट उघडल्यावर पहिले काम हेच करावे. अनुक्रमांक उत्पादकाकडे तपासावा, वॉरंटीची शेवटची तारीख खरेदीच्या तारखेशी जुळते का ते पाहावे, आणि डिस्कवर तसेच लेबलवर छापलेला क्रमांक डिस्कच्या आतून वाचलेल्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. पाकीट उघडतानाचे अखंड चित्रण करून ठेवावे. माझ्याकडे ते नव्हते, आणि ‘ओरखडे तुम्हीच पाडले असतील’ या आरोपाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

‘फार्म’ नोंद उपलब्ध असेल तर ती वाचावीच. पण ती स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लबाडी करणारे तिच्यापर्यंतही पोहोचू शकतात. डिस्कची लांब स्व-चाचणी लावावी. आठ टेराबाइटला तिला बारा-चौदा तास सहज लागतात. त्यानंतर संपूर्ण डिस्क एकदा लिहून आणि पुन्हा वाचून पाहावी. या चाचण्यांनी डिस्कचे वय कळत नाही, चांगल्या अवस्थेतील जुनी डिस्क त्या पारही करील. पण खिळखिळी झालेली डिस्क परतीच्या मुदतीत उघडी पडते. हे सारे होईपर्यंत तिच्यावर एकही फाइल ठेवू नये. जोडीतल्या दोन डिस्क शक्यतो वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घ्याव्यात. आणि घरच्या चित्रीकरणाची तिसरी प्रत नॅसपासून पूर्ण वेगळ्या, एरवी बंद ठेवलेल्या डिस्कवर असावीच, ती शक्य झाल्यास दुसऱ्या घरी. आरसा हा बॅकअप नव्हे, हे वाक्य मी अनेकदा वाचले होते आणि त्याचा अर्थ मला कळतो असे समजत होतो.

दुसऱ्या डिस्कवरून जे वाचता आले ते मी डीडीरेस्क्यू वापरून उतरवून घेतले. हे साधन आधी सुस्थितीतील भाग घेते आणि खराब जागा नोंदवून ठेवून त्यांच्याकडे नंतर पुन्हा-पुन्हा वळते. सहा दिवस ते चालू होते. ६१ तासांपैकी बहुतेक चित्रीकरण परत मिळाले. चौदा फाइली तुटलेल्या निघाल्या आणि त्यांपैकी नऊंच्या मूळ फिती आता नाहीत. चित्रपटांची यादी सांभाळणारी माहिती वेगळ्या छोट्या एसएसडीवर असल्यामुळे ती पूर्ण शाबूत राहिली. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वडिलांच्या त्या चित्रीकरणाचे चौकोनी चित्र, त्याखाली मी टाइप केलेले नाव आणि ‘५२ मिनिटे’ ही नोंद अजून दिसते. ती निवडली की चित्रीकरण सुरू होते आणि अकराव्या मिनिटाला थांबते.

ग्राहक तक्रार मी दाखल केली आहे आणि बाजारपेठेलाही तिच्यात पक्षकार केले आहे. दोन्ही डिस्क, त्यांचे पाकीट, खरेदीची पावती आणि नोंदींच्या छापील प्रती एका खोक्यात बंद करून ठेवल्या आहेत. निकाल लागेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असे मी ठरवले आहे.