वर्म ट्रॅप घेण्याआधी टाकीत किडा कोणता आहे ते बघा

पाचपैकी दोन तारे. वर्म ट्रॅप म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले किडे पकडायची नळी. बनवली चांगली आहे, प्लास्टिक जाड आहे, झाकणं घट्ट बसतात. पण ज्या कामासाठी ती विकली जाते ते तिला जमत नाही, आणि जे जमतं ते बहुतेकांना करायची गरजच नसते. हीच नळी चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळते, म्हणून मी कंपनीचं नाव लिहीत नाही. पारदर्शक, साधारण १५ सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना आत निमुळती होत जाणारी भोकं. मला १८ डॉलरला पडली.

मी एडिसन, न्यू जर्सीला राहते. हॉलमध्ये ७५ गॅलनची, म्हणजे २८४ लिटरची रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, चौथं वर्ष चालू आहे. दोन क्लाउनफिश, एक पिवळा गोबी मासा, थोडे हॅमर कोरल, आणि माझा सगळा जीव ज्यात अडकलाय तो झोआंथिडचा, म्हणजे छोट्या फुलांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळांचा, गालिचा. गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या एकांनी आपली टाकी मोडली तेव्हा त्यांच्याकडून मी सात-आठ किलो लाइव्ह रॉक, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेला समुद्री दगड, आणला. दीड महिन्यात झोआंथिड कमी व्हायला लागले. वितळत असते तर पाणी बिघडलंय असं म्हटलं असतं. हे मात्र देठापासून खुडल्यासारखे जात होते. रात्री वीस मोजले तर सकाळी सतरा. ट्रोकस गोगलगायींचे दोन शंखही रिकामे सापडले.

या नळीच्या खोक्यावर जबडे उघडलेल्या बॉबिट वर्मचा, म्हणजे बिळात दबा धरून शिकार करणाऱ्या लांब समुद्री किड्याचा, फोटो होता आणि खाली ‘सर्व उपद्रवी किड्यांसाठी’ असं लिहिलं होतं. मी लगेच घेतली. आत कोळंबीचा तुकडा घालून दिवे बंद झाल्यावर दगडाला टेकवून ठेवली. सकाळी अकरा किडे! मला इतका आनंद झाला की हातमोजे न घालताच झाकण उघडलं. ते सगळे ब्रिसल वर्म, म्हणजे अंगावर केस असलेले किडे होते. त्यांचे केस काचेच्या कुसळांसारखे बोटात शिरतात आणि तिथेच मोडतात. चिकटपट्टी लावून लावून काढले तरी दोन दिवस बोटं चुरचुरत होती. ते अकराही किडे मी कचऱ्यात टाकले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. साधा ब्रिसल वर्म उरलेलं खाणं आणि मेलेलं खातो, वाळू साफ ठेवतो. तो जिवंत झोआंथिड खुडत नाही. ते फार वाढले असतील तर आपण माशांना जास्त खायला घालतोय एवढाच त्याचा अर्थ. खाणं कमी केलं की तेही कमी होतात.

तीन रात्री नळी लावली. झोआंथिड जातच राहिले. तिसऱ्या रात्री दोन नासारियस गोगलगायी आत शिरून अडकल्या, त्यातली एक मेली. सकाळी नळीला कुजका वास येत होता.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. बॅटरीला लाल कागद लावला आणि रात्री दोन वाजता काचेसमोर खाली बसले. वीस मिनिटं काही नाही. मग नव्या दगडाच्या एका भोकातून डोकं बाहेर आलं. त्यावर पाच मिशा होत्या, लाल उजेडातही नीट मोजता आल्या. अंग पेन्सिलीएवढं जाड, कातडीवर तेलाच्या थेंबासारखी चमक. बोटभर बाहेर आला, थांबला, अजून बोटभर आला. एक झोआंथिड देठाशी धरला आणि झटक्यात माघारी. शेपूट एकदाही बाहेर आलं नाही.

पाच मिशा म्हणजे युनिसिड कुळातला किडा. बॉबिटही त्याच कुळातला. या किड्याला नळीत शिरायची गरज काय? अर्धं अंग बिळात ठेवूनच तो शिकार करतो. आणि याची लांबी तरी किती व्हावी! जपानमध्ये शिराहामाच्या बंदरात एका तराफ्यात जो सापडला तो २९९ सेंटीमीटर भरला. तराफा तिथे १३ वर्षं होता. इंग्लंडात न्यूकीच्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ साली असाच एक निघाला, चार फुटांचा. त्याच्यासाठी लावलेले सापळे रात्रीत फाटायचे. शेवटी टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढले तेव्हा तो हाती लागला. हे मी नळी घेतल्यावर वाचलं, आधी वाचलं असतं तर घेतलीच नसती.

मीही तेच केलं. भोक असलेला दगड बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवला. साधं सोडा वॉटर, म्हणजे ना साखर ना मीठ असलेलं, सिरिंजने भोकात सोडलं. हे टाकीत करू नका, पाण्याचा पीएच धाडकन खाली येतो. दुसऱ्या सिरिंजला डोकं बाहेर आलं. लांब चिमट्याने धरलं, आणि तिथे मला बाबांची आठवण आली. वेंगुर्ल्याला लहानपणी खाडीवर गरवायला जायच्या आधी आम्ही माडाच्या आळ्यात काडू, म्हणजे गांडुळं, शोधायचो. मी ओढायला गेले की बाबा म्हणायचे, “काडू तुटाक देव नको.” गांडूळ मातीला धरून बसतं, ओढलं की तुटतं. नुसतं धरून ठेवायचं, ते अंग सैल सोडतं तेव्हा थोडं घ्यायचं, परत थांबायचं. युनिसिडचंही तसंच. आणि हा तुटला तर आत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढू शकतो, म्हणून घाई करून चालत नाही. ओल्या हातमोज्यात चिमटा धरून मी चाळीस मिनिटं बसले. सगळा आला, शेपटीसकट. फूटपट्टीवर १४ इंच.

सोड्याच्या बाटलीला दीड डॉलर पडला.

तर नळी कोणी घ्यावी? अंगावर लाल झुपक्यांसारखे कल्ले असलेला खरा फायरवर्म, म्हणजे कोरल खाणारा ब्रिसल वर्म, टाकीत आला असेल आणि तो लहान असेल, तर घ्या. वाळूतून मोकळा फिरणारा किडा यात येतो. फक्त रात्रभर ठेवू नका, दोन-तीन तासांनी बघा, म्हणजे गोगलगायी मरणार नाहीत. चपट्या किड्यांसाठी, म्हणजे फ्लॅटवर्मसाठी, अजिबात घेऊ नका. त्यांच्यासाठी टाकीत औषध घालणं किंवा कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून काढणं हे मार्ग आहेत. आणि किडा न ओळखता कोणीच घेऊ नये.

भारतातून हे वाचणाऱ्यांना एक सांगते, कारण माझी चुलतबहीण दर फोनला विचारते. तिकडे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून प्रवाळाचा दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे. किड्याचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

दगड आठवडाभर वेगळ्या बादलीत हीटर आणि पंप लावून ठेवला होता, आत दुसरा कोणी नाही याची खात्री व्हावी म्हणून. रोज रात्री लाल बॅटरी घेऊन बघायचे. मग परत टाकीत ठेवला. आज सकाळी झोआंथिड मोजले, सव्वीस. कडेला तीन नवीन आहेत, अजून नीट उघडलेले नाहीत.