ॲपमध्ये ४३ टक्के दिसत होते आणि घर अंधारात होतं

सोलरला जादा बॅटरी जोडायच्या विचारात असाल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आम्हाला ज्या पद्धतीनं फसवलं ती मला माहीतच नव्हती, माहीत असती तर एका दिवसात पकडली असती.

आमचं घर पूर्ण ऑफ-ग्रिड आहे, बाहेरून लाईट येतच नाही. छतावर पॅनल, ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, चार वर्षं काही कुरकुर न करता चालली. पण आईला रात्री श्वासाचं मशीन लावायला लागलं, फ्रिज मोठा आला, म्हणून स्टोरेज वाढवायचं ठरवलं. विकणाऱ्यानं सांगितलं २८० एएच, १६ सेल, सगळे नवे कोरे ए ग्रेड, म्हणजे साधारण १४.३ युनिट. पेटी बंद, झाकणावर सील, सील तुटलं की वॉरंटी गेली. बसवून झाल्यावर त्यानं मोबाईलवर बीएमएसचं (सेलवर लक्ष ठेवणारं बॅटरीतलं सर्किट) ॲप उघडून दाखवलं, क्षमता २८०, चार्ज १०० टक्के, सेल सगळे एकसारखे. मी तेवढं बघितलं आणि उरलेले पैसे तिथंच देऊन टाकले.

घात तिथंच झाला. तो २८० चा आकडा बहुतेक बीएमएस स्वतः मोजून काढत नाहीत, बसवणारा माणूस तो टाईप करतो, आणि १६० च्या बॅटरीत कुणी २८० भरलं तरी टक्के त्याच हिशोबानं दिसत राहतात. शिवाय या सेलचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच भागात ३.२-३.३ च्या आसपास सपाट असतो, त्यामुळे नुसता मीटर लावून सेल थकलेला आहे की नवा हे कळत नाही.

तिसऱ्याच आठवड्यात पहाटे पंखा थांबला म्हणून जाग आली. आई पलंगावर उठून बसलेली, मास्क हातात, दम लागलेला. ॲपमध्ये ४३ टक्के. नवी बॅटरी मध्येच कट झाली, सगळा लोड जुनीवर आला आणि थोड्या वेळात तीही बसली.

फोन केला तर आधी म्हणाला तुमचा वापर वाढलाय, मग म्हणाला ढगाळ आहे, मग नवी बॅटरी सेट व्हायला महिना लागतो (असं काही नसतं, नव्या सेलनं पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमता द्यायला पाहिजे). शेवटी आला आणि ॲपमध्ये सेलचं कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला बॅटरी बंद होते ते) २.८ व्होल्टवरून २.२ वर आणून गेला. मला तेव्हा बरं वाटलं. प्रत्यक्षात ३ व्होल्टच्या खाली सेलमध्ये फारसं काही उरलेलंच नसतं, पाच-दहा मिनिटं जास्त मिळतात, आणि २.५ च्या खाली नेत राहिलं की सेल कायमचा खराब होऊ शकतो. म्हणजे वरून दुखणं झाकलं आणि आतून आणखी वाढवलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिकची कामं करतो, तो आला तेव्हा कट-ऑफ वाढवून २.५ वर केलं, नवी बॅटरी एकटी ठेवली, पूर्ण चार्ज केली, पॅनल बंद केले, केबलवर शंट (बॅटरीतून किती करंट गेला ते मोजणारं साधन) लावला आणि १००० वॉटचा हीटर सोडून दिला. इन्व्हर्टरचा लॉस धरूनही तेरा तास जायला हवे होते. साडेसात तासात बंद. शंटवर १६१ एएच.

मग सील तोडलं. वरून सेल निळे चकचकीत, पण एकाचं आवरण कोपऱ्यात उचललं तर खाली दुसरं जुनं आवरण, त्यावर ओरखडे. टर्मिनलवर घासकाम केलेलं, बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं, जुन्या पॅकमधल्या वेल्डिंगच्या पट्ट्या काढून घासल्या होत्या. क्यूआर कोड पाच-सहा सेलवर खरवडलेला. दोन सेल मधे फुगलेले. एक तर बाकीच्यांपेक्षा कितीतरी आधी खाली जात होता, आणि सेल सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) असले की सगळा पॅक त्या सगळ्यात कमजोर सेलपाशीच थांबतो.

फोटो पाठवले. उत्तर आलं, सील तुटलंय, वॉरंटी संपली. त्यानंतर फोन उचललाच नाही. माझी चूक एवढीच की टेस्ट करताना व्हिडिओ काढला नाही आणि बिलावर "लिथियम बॅटरी १ नग" एवढंच लिहून घेतलं, ना एएच ना सेलचे नंबर, त्यामुळे तक्रार लिहायला बसले तर हातात कागद काहीच नाही. तुम्ही बिलावर एएच लिहून घ्या, पैशाचा मोठा हिस्सा डिस्चार्ज टेस्ट (भावानं केली तशी) होईपर्यंत हातात ठेवा आणि ती टेस्ट सील शाबूत असतानाच करा. सील तोडायची गरजच नाही, शंट बाहेरच्या केबलवर लागतो. विकणारा टेस्टला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

फुगलेले दोन सेल धरून सगळा पॅक आम्ही घराबाहेर शेडमध्ये काढून ठेवलाय, चार्ज करत नाही. आईचं मशीन जुन्या १०० एएचवर एका वेगळ्या छोट्या इन्व्हर्टरनं जोडलंय, आणि रात्री दहानंतर फ्रिज बंद करतो.