प्रकल्पासाठी देश कोणता: ब्राझील की ऑस्ट्रेलिया?

लातूरच्या माझ्या पुतणीला नववीत ‘एक मोठा देश’ यावर प्रकल्प करायचाय. "काका, ब्राझील घेऊ का ऑस्ट्रेलिया?" आठवडाभर तिचं हेच चाललंय.

भूगोलात मला ब्राझील जवळचा वाटतो. ॲमेझॉनचं जंगल सगळ्यांना ठाऊक असतं, पण ईशान्येकडचा अवर्षण चतुष्कोन बघा. डोंगररांगेमागचा पर्जन्यछायेचा मुलूख, अगदी आपल्या मराठवाड्यासारखा. सोयाबीन ब्राझीलचंही मोठं पीक. शिवाय भारतातून गेलेल्या गीर गायी तिथं रुजल्या, आणि आपल्या लातूरकडच्या देवणी गायीच्या वंशातही गीरचं रक्त आहे! ऑस्ट्रेलियाचा मधला भाग कोरडा, वस्ती बहुतेक किनाऱ्यालगत. तिथला हरभरा मात्र आपल्याकडे येतो.

राज्यकारभार समजायला ऑस्ट्रेलिया सोपा: सहा राज्यं, आपल्यासारखी संसद, पंतप्रधान. १९२४ पासून मतदान सक्तीचं. ब्राझीलमध्ये २६ राज्यं, सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे.

इतिहासात दोन्हीकडे जखमा आहेत. ब्राझीलनं गुलामगिरी १८८८ मध्ये संपवली. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा वारसा सांबा या तिथल्या नाच-संगीतात आजही ऐकू येतो. ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींची संस्कृती हजारो वर्षांची, तरी जनगणनेत त्यांना मोजायला १९६७ चं सार्वमत लागलं. हे लिहिताना घाई करू नये.

वेळ कमी असेल, नागरिकशास्त्र आवडत असेल तर ऑस्ट्रेलिया घ्यावा. शेतकऱ्याच्या घरातलं, नकाशात रमणारं लेकरू असेल तर ब्राझीलच; दहावीच्या भूगोलात तो पुन्हा भेटणारच आहे.