हेंप म्हणून पेरलं, अंबाडी उगवली

सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून आलो होतो आणि डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आधीच कबूल करतो. त्याच आठवड्यात एका पाहुण्याच्या ओळखीने 'साहेब' घरी आले. इस्त्रीचे कपडे, हातात टॅब. म्हणाले, औद्योगिक हेंप लावा, एकरी दीड लाख सुटतात, माल आम्हीच बांधावरून उचलतो, तसा करार लिहून देतो.

मी विचारलं, "साहेब, हेंप म्हणजे गांजाच ना?"

या प्रश्नाची तो वाटच बघत होता. टॅबवर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा उघडून त्याने गांजाची व्याख्या वाचून दाखवली. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. हे खरं आहे. मग कलम १४ दाखवलं: धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. हेही खरं. उत्तराखंडने २०१८ मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली, नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा अशी अट आहे, तेही खरं. माणूस तासभर बोलला आणि कायद्याबद्दलचं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते माझ्या दोन एकरांना लागू होतं, एवढंच काय ते खोटं.

कलम ८ त्याने बोटाने सरकवून पुढे नेलं. त्यात झाड लावण्यालाच बंदी आहे, मग शेंडे येवोत न येवोत. कलम २० मध्ये त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि कलम १४ मधली परवानगी म्हणजे सरकारचा लेखी आदेश. उत्तराखंडचा आदेश उत्तराखंडात चालतो, मराठवाड्यात नाही. हे मला नंतर वकिलाने सांगितलं, पाचशे रुपये घेऊन. ते पाचशे आधी खर्च केले असते तर बासष्ट हजार वाचले असते.

पस्तीस हजार 'परवाना फी' आणि सहा किलो बियाण्याचे सत्तावीस हजार, असा हिशोब. सगळे रोख, पावती कच्ची. परवान्यावर राजमुद्रा होती, माझं नाव आणि गट नंबर मात्र बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या अक्षरात. खाली गोल शिक्का 'आबकारी विभागा'चा. आपल्याकडे त्या खात्याला राज्य उत्पादन शुल्क म्हणतात, रस्त्यावरच्या त्यांच्या गाडीवरही तेच लिहिलेलं असतं. मी शिक्का गोल आहे ना, एवढंच पाहिलं.

पिशवीवर ना टॅग, ना लॉट नंबर. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा नंबर तेवढा ठळक. २०२१ मध्ये हेंपच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाण्याचा पदार्थ म्हणून मान्य झालं, त्याचा हा आधार. खाण्याच्या मालाचा नंबर दाखवून पेरायचं बियाणं विकलं, आणि मी घेतलं.

मृगात पेरलं. खालची पानं साधी आली, वरची मात्र बोटं फुटल्यासारखी चिरलेली. मोबाईलवरच्या फोटोशी ताडून पाहिलं, हुबेहूब. साहेबांना फोटो पाठवला, त्यांचा अंगठा आला. रात्री-बेरात्री जाऊन मी ते रान राखत होतो, कुणी उपटून नेऊ नये म्हणून!

एक दिवस आई रानात आली. एक पान तोडून तिने तोंडात टाकलं. "अरे, ही आंबट आहे. अंबाडी लावलीस होय? मला सांगायचं तरी." आणि ओटाभर भाजी खुडून घरी गेली.

साहेबांना फोन लावला. उत्तर तयार होतं. "करारात हेंप लिहिलंय. अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेंपच म्हणतात." तेही खरं निघालं. अंबाडीच्या शास्त्रीय नावातसुद्धा 'कॅनाबिनस' आहे, पानं गांजासारखी दिसतात म्हणून. त्यानंतर तो नंबर बंद आहे.

वकील म्हणाला, "नशीब समजा खोटं बियाणं दिलं. खरं दिलं असतं तर सातबारा तुमचा, पीक तुमचं आणि गुन्हाही तुमचाच." २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने गांजा लावू द्या म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, ती बातमी वाचून मी हसलो होतो. त्याने निदान आधी विचारलं तरी. तुमच्याकडे कुणी असा करार घेऊन आलं तर परवान्याची प्रत घेऊन आधी जिल्हाधिकारी कार्यालयात जा, हा आदेश तुमचाच का असं लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत एक रुपया सोडू नका. विक्रेता "तिकडे जायची गरज नाही, आमची सेटिंग आहे" म्हणाला तर त्याला चहाही पाजू नका.

तक्रार द्यायला ठाण्यात गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, पेन उचललं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला नेमकं काय लावायचं होतं?"

मी अर्जात 'बियाण्यात फसवणूक' एवढंच लिहिलं.