उंच व्हर्बिना की पेंटास?

फुलपाखरांसाठी वाफा करताना उंच व्हर्बिना लावावी की पेंटास, हा निर्णय फुलांच्या रंगापेक्षा हवामान पाहून घ्यावा. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही व्हर्बिना एक ते दीड मीटर वाढते. तिचे दांडे चौकोनी, खरखरीत आणि विरळ पानांचे असल्यामुळे ती पुढे लावली तरी मागची झाडे झाकली जात नाहीत. टोकाचा जांभळा झुबका जवळून पाहिल्यास तो इवल्या नळीदार फुलांचा असल्याचे दिसते, आणि फुलपाखरू त्यावर बसून एकेका फुलात सोंड घालत बराच वेळ रेंगाळते. हे दृश्य इतके सुंदर असते की केवळ त्यासाठी ती लावावी. मात्र तिला भरपूर ऊन आणि उत्तम निचरा लागतो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात तिचा भरवसा धरता येत नाही. पावसानंतर रोप लावून हिवाळ्यात फुले घेणे सोयीचे.

पेंटासचे झाड बुटके आणि भरगच्च असते, छाटणीच्या फांदीपासून सहज तयार होते आणि उष्ण हवेत जवळपास वर्षभर फुलते. एकच झाड लावायचे असेल, तर मैदानी महाराष्ट्रात मी पेंटासच निवडेन.

दोन्हींकडून फुलपाखरांना मिळतो तो केवळ मधुरस. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या अळ्यांना खायला लिंबाची किंवा कढीपत्त्याची पाने लागतात, म्हणून शेजारी एक कढीपत्ता अवश्य लावावा आणि त्यावर कीटकनाशक मारू नये.