कतारचा कंपनी व्हिसा आणि मुंबईचं कतार व्हिसा सेंटर : सही करण्याआधी बेसिक पगार बघा

मी एसी टेक्निशियन. गाव खेड तालुक्यात, सध्या नोकरी दोह्यात. कतारमधल्या कंपनीने नोकरी दिली की त्यांच्या व्हिसासाठी मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरला जावं लागतं. तिथे काय होतं, असं विचारणारे फोन गावाकडून सारखे येतात, म्हणून सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, आखातात जाणाऱ्या कामगारासाठी मी पाहिलेली ही सगळ्यात चांगली सोय आहे. कारण एकच. नोकरीचा खरा करार तुम्हाला विमानात बसायच्या आधी, आपल्या देशात, वाचायला मिळतो.

याची किंमत कळायला जुना अनुभव पाहिजे. कतारच्या आधी मी दुसऱ्या एका आखाती देशात होतो. मुंबईत एजंटच्या ऑफिसात एका कागदावर सही घेतली, पगार त्यावर चांगला होता. तिकडे पोचल्यावर कंपनीच्या माणसाने अरबीतला दुसरा कागद पुढे केला. पगार कमी, जेवणाचे पैसे गायब. तिकिटासाठी घेतलेलं कर्ज डोक्यावर, पासपोर्ट त्यांच्या कपाटात. अशा वेळी माणूस काय करणार? सही करतो. माझ्यासोबत गेलेल्या सगळ्यांनीच केली.

कतारने २०१९ मध्ये भारतात ही केंद्रं सुरू केली, मुंबई, दिल्ली, कोलकाता, लखनौ, हैदराबाद, चेन्नई आणि कोची इथे. करारावर सही, बोटांचे ठसे-फोटो आणि मेडिकल ही तिन्ही कामं एकाच छताखाली होतात. पूर्वी ठसे आणि मेडिकल तिकडे गेल्यावर व्हायचं आणि अनफिट निघालेला माणूस कर्ज घेऊन परत यायचा. आता जो काही निकाल लागायचा तो इथेच लागतो. या कामांची फी कंपनी भरते. खिडकीवर माझ्याकडून एक रुपयाही मागितला नाही. म्हणून 'व्हिसा सेंटरचे एवढे, मेडिकलचे एवढे' अशी यादी करून कुणी पैसे मागत असेल, तर तो स्वतःच्या खिशासाठी मागतोय हे समजा.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एजंटबद्दलही लिहितो. आमच्याकडे एक उपएजंट गावोगाव फिरतो, त्याने मला लाखाच्या वर रक्कम सांगितली होती. 'व्हिसा विकत घ्यावा लागतो' म्हणाला. मी त्याच्या वाटेला गेलो नाही. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे. त्यात नाव आणि नोंदणी नंबर बघून मी मुंबईतल्या एका ऑफिसात गेलो. भारतातल्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, तेही पावतीवर. मी तेवढेच दिले आणि पावती घेतली. कतारचा कायदा तर कंपनीला कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई करतो. काही चांगल्या कंपन्या एजंटची फीसुद्धा स्वतः भरतात. इंटरव्ह्यूच्या दिवशीच विचारा, लाजू नका.

आणि 'फ्री व्हिसा', 'आझाद व्हिसा' म्हणून जे विकतात त्याच्या जवळपासही जाऊ नका. नावापुरती एक कंपनी व्हिसा काढते, काम मात्र तुम्ही बाहेर शोधायचं. करारावर ज्याचं नाव आहे तो पगार देत नाही, जो पगार देतो त्याचा करार नाही. दोह्यात अशी मुलं मी बघतो. पगार थकला तर तक्रार कुणाविरुद्ध करायची हाच त्यांच्यापुढे प्रश्न असतो. व्हिजिट व्हिसावर या, तिकडे बदलून देऊ, हीदेखील त्याच घरची गोष्ट.

माझी ट्रेड टेस्ट आणि क्लायंट इंटरव्ह्यू मुंबईत झाला. चिलर, एएचयू (मोठ्या इमारतीत थंड हवा खेळवणारं युनिट), डक्टची कामं विचारली, गॅस चार्जिंग करून दाखवायला लावलं. ऑफर लेटरमध्ये बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, १,८०० रियाल, जेवणाचे ३००, राहणं आणि गाडी कंपनीची. पुढे कंपनीने कतारमध्ये व्हिसासाठी अर्ज केला, नंबर आला आणि त्यावरून सेंटरची अपॉइंटमेंट निघाली. खेडहून रात्रीची कोकणकन्या पकडली, आदला दिवस नालासोपाऱ्याला चुलतभावाकडे काढला आणि सकाळी वेळेच्या आधीच पोचलो. पासपोर्ट आणि अपॉइंटमेंटचा कागद सोबत लागतोच. ऑफर लेटरची प्रत न्या असं तुम्हाला कुणी सांगणार नाही. मी सांगतो, न्याच. माझं काम तिच्यामुळेच झालं.

आत टोकन मिळतं, कागद तपासतात, मग कराराची खिडकी. समोर करार येतो. मी हिंदीतला मजकूर वाचला. खिडकीवरच्या मुलीने घाई केली नाही, 'नीट वाचा' असं स्वतःहून म्हणाली. कंपनीचं नाव बरोबर, हुद्दा एसी टेक्निशियन बरोबर. पगाराच्या ओळीवर थांबलो. बेसिक १,२०० आणि 'इतर भत्ता' ६००. एकूण तेच १,८००. माझ्या शेजारच्या खिडकीवर माझ्याच बॅचचा एक मुलगा होता. तो म्हणाला, 'दादा, टोटल तर तेवढीच आहे ना?'

टोटल तेवढीच होती, पण हिशेब बेसिकवर चालतो. कतारमध्ये ओव्हरटाइमचा तास बेसिकच्या दराने आणि वर किमान २५ टक्के असा धरतात. महिन्याचे ३० दिवस, दिवसाचे ८ तास धरा. १,८०० बेसिकला तास पडतो साडेसात रियाल, ओव्हरटाइमचा ९.३७. बेसिक १,२०० केलं की तास ५ रियालचा आणि ओव्हरटाइमचा ६.२५. रोज दोन तास जादा काम, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२ तास. महिन्याला १६२ रियाल हातातून गेले. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, वर्षाला किमान तीन आठवड्यांची. १,८०० वर ती १,२६० रियाल होते आणि १,२०० वर ८४०. वर्षामागे ४२० रियालचा फरक. एसीच्या कामात उन्हाळाभर ओव्हरटाइम असतो, त्यामुळे माझ्यासारख्याला हा मार जास्त बसतो.

मी ऑफर लेटर दाखवलं आणि सही करणार नाही म्हणालो. मनात धाकधूक होती, खोटं कशाला सांगू. पण खिडकीवर कुणी आवाज चढवला नाही की दबाव टाकला नाही. कंपनीला करार दुरुस्त करून पाठवावा लागेल, मग पुन्हा या, एवढं शांतपणे सांगितलं. बाहेर येऊन आधी घरी फोन केला. बायको बचत गटाचे हिशेब बघते, तिला आकडे लगेच कळले. म्हणाली, 'मग बरंच केलंत. नोकरी उशिरा लागली तरी चालेल, पण कमी बेसिकवर सही करून येऊ नका.' एजंटच्या ऑफिसातून मात्र लगेच फोन आला, 'पार्टी (म्हणजे कंपनी) नाराज होईल, व्हिसा रद्द होईल, तुमच्यामुळे सगळी बॅच अडकेल.' मी एवढंच म्हटलं, 'साहेब, ऑफर लेटरवर तुमचाच शिक्का आहे, त्यात लिहिलंय तेवढंच मागतोय.' कंपनीने करार दुरुस्त केला. शेजारच्या खिडकीवरचा तो मुलगाही थांबला होता, त्याचाही झाला.

कतारमध्ये बसलेल्या कंपनीला मुंबईतला कामगार 'नाही' म्हणू शकतो आणि त्याचं नुकसान होत नाही, हे मला फार मोठं वाटतं. हीच गोष्ट तिकडे पोचल्यावर म्हणायला छाती लागते. इथे घरची भाकरी आहे, चुलतभावाचं घर आहे, परतीची गाडी आहे.

दुसऱ्या खेपेला सही, दहा बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन, फोटो आणि मेडिकल असं सलग झालं. मेडिकलमध्ये रक्त, छातीचा एक्स-रे, नजर, वजन-उंची. भीती एक्स-रेची असते. लहानपणी टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुप्फुसावर डाग राहू शकतो आणि तेवढ्यावर गाडी अडू शकते. म्हणून चालू नोकरी सोडण्याआधी गावाकडेच एक एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. निकाल ऑनलाइन बघता येतो.

दहावी पास असल्यामुळे माझ्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे 'परदेशी नोकरीला सरकारी मंजुरी लागेल' असा, शिक्का नाही. ज्यांचा आहे त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) मंजुरी लागते. मुंबईचं हे ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे, पण अर्ज ई-मायग्रेटवर एजंट किंवा कंपनीमार्फत जातो. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. आमच्या वाडीतला एक नववीपर्यंत शिकलेला मुलगा 'ही कटकट कशाला' म्हणून मंजुरी चुकवायच्या गोष्टी करत होता. मी त्याला परोपरीने समजावलं. ही मंजुरी मिळते तेव्हा तुमचा करार सरकारदरबारी नोंदलेला असतो. उद्या काही झालं तर घरच्यांच्या हातात तोच कागद असेल.

आता या व्हिसाची कमजोर बाजू. तुमचा मुक्काम कंपनीच्या नावावर असतो, नोकरी गेली की पायाखालची जमीन हलते. पण पूर्वीची कफीलची, म्हणजे व्हिसा काढणाऱ्या मालकाची, पकड तशी राहिलेली नाही. २०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन बदलता येतं. मार्च २०२१ पासून किमान बेसिक १,००० रियाल आहे. कंपनी राहायला-जेवायला देत नसेल तर वर ५०० आणि ३०० द्यावे लागतात. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. आम्ही छतावरच्या युनिटची कामं त्यामुळे पहाटे उरकतो. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं गुन्हा आहे, २५,००० रियालपर्यंत दंड आहे. कायदे चांगले आहेत, पण करारात जे लिहिलेलं नाही ते भांडून मिळवताना दमछाक होते. एक उदाहरण देतो. रोज ओव्हरटाइम मिळेल असं इंटरव्ह्यूत तोंडी सांगतात. करारात ते कुठेच नसतं. घरचा हिशेब बेसिक आणि जेवणाच्या पैशांवरच मांडा, ओव्हरटाइम त्यात धरू नका.

पगार बँकेत जमा होतो, हेही कायद्यानेच. डॉलरला ३.६४ रियाल हा दर बांधलेला असल्याने रुपया उतरला की घरी जास्त पोचतात. पण त्या भरवशावर कर्ज काढू नका.

माझ्याकडून व्हिसा सेंटरच्या सेवेला पाचपैकी पाच. एजंटला तीन. त्याने पावती दिली आणि नियमाबाहेर पैसे मागितले नाहीत, पण करार बदलला तेव्हा तो कामगाराच्या बाजूने उभा राहिला नाही. फी घेतली होती ती आमच्याकडून.

खेड, दापोली, मंडणगड, गुहागरकडच्या कुणाचं कतारचं काम चालू असेल तर ऑफर लेटर हातात पडेल त्याच दिवशी त्याचा स्पष्ट फोटो मला पाठवा. हुद्दा, बेसिक, जेवण, राहणं, कामाचे तास, सुट्टी आणि परतीचं तिकीट एवढ्या ओळी मी बघून सांगेन. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री पाठवलंत तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. आणि ज्यांची सही झाली आहे त्यांनी कराराची एक प्रत घरी ठेवून निघा, बायकोला किंवा भावाला ती कुठे ठेवली आहे ते दाखवून.