अ‍ॅक्रिलिक की लॅकर? सी हॅरियरच्या निमित्ताने दोन रंगांची तुलना

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे हत्यार) आणि त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर घरात आल्यानंतर लष्करी विमानांची मॉडेल्स करणाऱ्यापुढे सर्वांत महत्त्वाचा निर्णय उरतो तो रंगाच्या प्रकाराचा. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक घ्यावे की तीव्र द्रावकात पातळ होणारे लॅकर घ्यावे, हा तो निर्णय. एनॅमल या तेलावर आधारित रंगाचा विचार मी येथे करत नाही. माझ्या टेबलावर ते आता केवळ वॉशपुरते, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ रंगापुरते, उरले आहे, आणि मूळ रंग म्हणून ते वापरणाऱ्यांना सहसा दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याची गरज नसते. अ‍ॅक्रिलिक आणि लॅकर या दोन्ही प्रकारांनी मी बरीच विमाने रंगवली आहेत. त्यामुळे पुढील मत हे मोजमापावर नव्हे, तर हाताच्या अनुभवावर बेतलेले आहे, आणि ते त्याच मर्यादेत वाचावे अशी विनंती आहे.

तुलनेसाठी मी भारतीय नौदलाचे सी हॅरियर एफआरएस ५१ हे लढाऊ जेट निवडतो, कारण रंगाची परीक्षा पाहणारे इतके सगळे प्रश्न एकाच विमानात क्वचितच एकत्र येतात. १९८३ मध्ये गोव्यातील दाबोळी येथे दाखल झालेले आणि मे २०१६ मध्ये तेथेच निरोप घेतलेले हे विमान आयएनएएस ३०० ‘व्हाइट टायगर्स’ या तुकडीने आधी जुन्या ‘विक्रांत’ आणि नंतर ‘विराट’ या विमानवाहू नौकांवरून चालवले. बाह्यरूपाने ते ब्रिटिश एफआरएस १ सारखेच असल्यामुळे एअरफिक्सचे १/७२ प्रमाणातील किट चालते. फक्त भारतीय विमानांवर साइडवाइंडरऐवजी मात्रा मॅजिक क्षेपणास्त्रे असत, तेवढी दुसरीकडून मिळवावी लागतात. सुरुवातीच्या काळात या विमानांचा वरचा भाग गडद करड्या, म्हणजे एक्स्ट्रा डार्क सी ग्रे रंगाचा, तर पोट पांढरे होते, आणि दोन्ही रंगांमधील सीमारेषा कडक होती. समुद्रावरची हवा, ऊन आणि गंज रोखण्यासाठी वेळोवेळी केलेली रंगाची डागडुजी यांमुळे वरचा करडा रंग कधीच एकसारखा राहत नसे. म्हणजे रंगवणाऱ्याला पांढरा रंग घट्ट बसवावा लागतो, त्यावर टेप लावून तो सुखरूप ठेवावा लागतो, आणि मग गडद करड्यावर फिकट छटांचे अगदी सूक्ष्म काम करावे लागते.

अ‍ॅक्रिलिकचे गुण मी मनापासून मान्य करतो. त्याला वास जवळजवळ नसतो. हत्यारे आणि ब्रश बहुतांशी पाण्याने स्वच्छ होतात. घरात लहान मूल असेल, किंवा रंगकामाची जागा म्हणजे बेडरूमचा एक कोपरा असेल, तर एवढे कारण पुरेसे आहे आणि त्यापुढे मी वाद घालणार नाही. हाताच्या ब्रशने रंगवायचे असेल तर व्हॅलेजो कंपनीच्या मॉडेल कलर या अ‍ॅक्रिलिकसारखा रंग मला दुसरा मिळालेला नाही. कॉकपिटमधील बटणे, आसनावरचे पट्टे, चाकांचे टायर, वैमानिकाची आकृती ही सगळी कामे मी आजही त्यानेच करतो. लॅकर ब्रशने लावायला गेले तर दुसरा हात पहिल्या हाताला विरघळवतो आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसू लागतो.

प्रश्न सुरू होतो तो एअरब्रशमध्ये.

ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला तो म्हणजे सुईच्या टोकावर वाळणारा रंग, ज्याला आपण सगळे ‘टिप ड्राय’ म्हणतो. सी हॅरियरच्या पाठीवर फिकट करड्याचे ढगाळ ठिपके मारताना हवेचा दाब दहा-बारा पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) उतरवलेला असतो, रंग दुधाहून पातळ केलेला असतो, आणि सुई जेमतेम उघडलेली असते. नेमक्या याच अवस्थेत अ‍ॅक्रिलिक टोकावर साचू लागते. आधी फवारा बारीक होतो, मग थांबतो. आपण नकळत ट्रिगर थोडा अधिक मागे ओढतो, तेव्हा साचलेला कण सुटतो आणि फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, मधोमध गडद शिंतोडा पडतो. मग सुईचे टोक ओल्या कापसाने पुसायचे, कागदावर फवारून पाहायचे, पुन्हा विमानाकडे वळायचे, आणि थोड्याच वेळात हे सगळे पुन्हा करायचे. हातातली लय तुटते. या कामात लय म्हणजे चैन नव्हे. शेजारशेजारचे ठिपके एकाच घनतेचे पडायचे असतील तर हात न थांबता फिरावा लागतो. रिटार्डर (रंग वाळणे मंद करणारे द्रव) घालून, फ्लो इम्प्रूव्हर (रंगाचा प्रवाह सुधारणारे द्रव) घालून, नॉझल ०.२ वरून ०.३ मिलिमीटरचे करून हा त्रास कमी होतो, हे मी पाहिले आहे. तो नाहीसा झालेला मात्र मी पाहिलेला नाही.

येथे हवामानाचा भागही आहे, आणि परदेशी सल्ल्यांमध्ये तो नेहमी निसटतो. मार्च ते मे या काळात पुणे, नाशिक किंवा नागपूरकडे दुपारची हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते, की पाण्याचे बाष्पीभवन सुईवरच होऊन जाते. त्याच महिन्यांत ठाण्यात किंवा पणजीत हाच रंग जरा सौम्य वागतो. त्यामुळे एखाद्या थंड, दमट देशातील मॉडेलकार अमुक अ‍ॅक्रिलिक मुळीच त्रास देत नाही असे सांगत असेल, तर तो त्याच्या जागी खराच बोलत असतो. पण त्याची जागा आपली नसते.

यामागचे कारण समजून घेतले तर निवड सोपी जाते. पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिकमध्ये राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा तयार होतो, आणि हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून सुईच्या टोकावर एकदा जमलेला थर मागून येणाऱ्या ताज्या रंगाने धुतला जात नाही. उलट त्यावर नवा थर चढतो. लॅकर केवळ द्रावक उडून वाळते, आणि तेच द्रावक परत आले की ते पुन्हा मऊ होते. टोकावर थोडे साचले तरी मागून येणारा पातळ रंग ते सोबत घेऊन जातो. मिस्टर कलर या लॅकर मालिकेचा रंग त्याच कंपनीच्या लेव्हलिंग थिनरमध्ये एकास दोन, आणि छटांच्या कामासाठी एकास तीन किंवा चार असा पातळ केला, तर अगदी कमी दाबावरही तो शांतपणे वाहत राहतो. या थिनरमध्ये बाष्पीभवन मंद करणारा घटक आधीच असल्यामुळे थेंब पृष्ठभागावर पडल्यावर पसरून एकजीव होतात आणि वाळूसारखा खरखरीतपणा येत नाही. मिस्टर कलरमधील सी ३३३ हा क्रमांक म्हणजेच ब्रिटिश प्रमाणित रंगसूचीतील बीएस ३८१ सी – ६४०, आपला एक्स्ट्रा डार्क सी ग्रे. १/७२ प्रमाणात तो बाटलीतून थेट लावला तर जवळजवळ काळा भासतो, म्हणून मी त्यात थोडा फिकट करडा मिसळतो.

पांढऱ्या पोटाबद्दल वेगळे सांगायला हवे. पांढऱ्या रंगात झाकण्यासाठी रंगद्रव्याची मात्रा जास्त ठेवावी लागते, आणि माझ्या अनुभवात अ‍ॅक्रिलिकचा पांढरा हाच सर्वांत हट्टी रंग आहे. तो जाड लावला तर पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा, भरतात, पातळ लावला तर थरांवर थर द्यावे लागतात. लॅकरचा पांढरा करड्या प्रायमरवर (रंगाखालच्या पाया थरावर) दोन-तीन पातळ हातांत बसतो आणि रेषा उघड्या राहतात. त्यानंतर येते मास्किंग, म्हणजे टेप लावून भाग झाकणे. लॅकर प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला किंचित मऊ करून त्यात रुजते, त्यामुळे टेप ओढताना रंग निघून येण्याची भीती फारशी राहत नाही, आणि तासाभरात टेप लावता येते. अ‍ॅक्रिलिक पृष्ठभागावर बसलेले असते, रुजलेले नसते. चांगला प्रायमर, स्वच्छ धुतलेले भाग आणि एक-दोन दिवसांची सवड दिली तर तेही टिकते, परंतु एखाद्या कडेला ते पापुद्र्यासारखे उचलले गेले की ती कड घासून सारखी करणे फार कठीण जाते, कारण सँडपेपरखाली ते रबरासारखे फाटते. लॅकर मात्र पावडर होऊन घासले जाते.

आता लॅकरचे दोष. ते लहान नाहीत आणि ते लपवून केलेली शिफारस मला प्रामाणिक वाटत नाही.

पहिला दोष वासाचा, खरे म्हणजे वाफेचा. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क येथे मुळीच उपयोगी नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे, सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा लागतो, आणि वाफ खिडकीबाहेर नेणारा स्प्रे बूथ असावा लागतो. ही वाफ पेट घेते. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातील गॅस आणि देवघरातील समई किंवा निरांजन या दोन उघड्या ज्योती आपण गृहीतच धरतो, म्हणून फवारणीच्या वेळी त्या शांत आहेत याची खात्री केल्याशिवाय मी कंप्रेसर सुरू करत नाही. बूथच्या पंख्याची मोटर हवेच्या झोताबाहेर असणे किंवा ठिणगी न पाडणारी असणेही तितकेच आवश्यक आहे. अर्थात अ‍ॅक्रिलिकचा फवारा निर्धोक समजून मास्कशिवाय काम करणाऱ्यांशीही मी सहमत नाही. वास नसला तरी रंगाचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातातच.

दुसरा दोष पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीत लॅकर फवारले तर कधीकधी पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमते, हे त्याचे कारण. चकाकणाऱ्या क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) ही झाक विशेष खटकते. लेव्हलिंग थिनरमुळे हा धोका घटतो, आणि झाक आलीच तर तोच थिनर हलकेच फवारल्यावर ती बहुधा जाते; तरीही मुसळधार पावसाच्या दिवशी मी क्लिअर कोट पुढे ढकलतो. त्या दिवसांत अ‍ॅक्रिलिक सुईवर कमी वाळते हे खरे, पण मॉडेलवरही ते रेंगाळत वाळते आणि त्यावर धूळ बसते.

तिसरी अडचण मिळण्याची. ज्वलनशील असल्यामुळे लॅकर आणि त्याचे थिनर हवाई मार्गाने पाठवण्यावर बंधने असतात. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून पाठवण्याचा मार्ग आणि लागणारा वेळ विचारून घ्यावा. व्हॅलेजोच्या बाटल्यांना हा प्रश्न येत नाही.

वेदरिंगमध्ये, म्हणजे विमान वापरून जुने झाल्यासारखे दाखवण्याच्या कामात, निकाल इतका एकतर्फी नाही. सी हॅरियरच्या बाबतीत लॅकरचा टिकाऊपणा मला फार उपयोगी वाटला. लॅकरच्या थरावर एनॅमल वॉश आणि तैलरंग निर्धास्तपणे लावून, व्हाइट स्पिरिटने पुसून, पुन्हा लावता येतात आणि खालचा थर हलत नाही. गंजरोधक डागडुजीचे ठिगळ दाखवण्यासाठी मी मूळ करड्यापेक्षा किंचित गडद किंवा फिकट रंग अनियमित आकारांत फवारतो, मग त्यावर तैलरंगाचे ठिपके उभे ओढतो. पेगॅसस इंजिनाच्या मागील दोन नॉझलमधून गरम वायू येत असल्यामुळे त्यांच्यामागे काजळी आणि तापाचे डाग हवेत, पुढच्या दोन थंड नॉझलमागे ते नकोत. काजळीचा हा धुरकट पट्टा अगदी पातळ लॅकरनेच मनासारखा येतो, असे माझे मत आहे. गोव्यातील नौदल विमानन संग्रहालयात विमाने पाहावीत, जरूर पाहावीत, पण छटांसाठी सेवेतील छायाचित्रांवरच भिस्त ठेवावी. उघड्यावर उभ्या राहिलेल्या आणि पुन्हा रंगवल्या गेलेल्या प्रदर्शनी विमानाचा रंग वेगळ्या रीतीने विटतो.

मात्र विमान दुसऱ्या महायुद्धातील, पॅसिफिकमधील जपानी लढाऊ विमान असेल, समजा की-६१ हिएन, तर माझा कौल फिरतो. त्या विमानांचा हिरवा रंग धातूवरून अक्षरशः सोलून निघत असे. तो परिणाम साधण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे धातूरंगावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर अ‍ॅक्रिलिक, आणि मग ओल्या ब्रशने हळूहळू खरवडणे. अ‍ॅक्रिलिकची पकड कमकुवत असणे येथे गुण ठरते. लॅकर या कामी सहसा दाद देत नाही. सुटले तरी मोठे तुकडे सुटतात. गंमत म्हणजे त्याखालचा धातूरंग लॅकरचाच असावा लागतो, कारण पाणी आणि ब्रशचा मार सोसून चमक टिकवणारा तोच असतो.

ज्यांना दोन्हींपैकी एकाकडे पूर्ण वळायचे नसेल त्यांनी तामिया कंपनीच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेकडे पाहावे. नावाने ते अ‍ॅक्रिलिक असले तरी त्यांचा पाया अल्कोहोलसारख्या द्रावकांचा आहे, आणि ते लॅकर थिनरमध्ये पातळ केले तर फवाऱ्यात जवळजवळ लॅकरसारखेच वागतात. टिप ड्राय बराच कमी होतो, पकड सुधारते. पण वाफ लॅकर थिनरचीच असते, म्हणून मास्क आणि बूथ यांतून सुटका नाही. आणि ती तयारी एकदा करायचीच असेल तर थेट लॅकर घ्यावे असे मला सुचवावेसे वाटते.

बूथ बसवणे शक्य आहे आणि काम मुख्यतः आधुनिक जेट विमानांचे आहे, असे ज्यांच्या बाबतीत असेल त्यांनी सुरुवातीला एक करडा, एक पांढरा, एक काळा आणि लेव्हलिंग थिनरची मोठी बाटली एवढेच घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानातील एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त असतो आणि एअरब्रश धुण्यासाठी उत्तम चालतो. फक्त तो रंगात मिसळून प्लॅस्टिकवर फवारू नये, कारण त्याचे मिश्रण दर दुकानात वेगळे असते आणि पॉलिस्टायरीनवरील कोरीव रेषा तो खाऊन टाकू शकतो. धुतानाही सुईच्या मागच्या बाजूचे सील रबरी आहे की टेफ्लॉनचे, हे एअरब्रशच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. साधे रबर या थिनरमध्ये फुगते.